चारशे कोटींतला एक भाग

तारापूर, रोहा, महाड, लोटे, कुरकुंभ या पट्ट्यातल्या बल्क ड्रगच्या कारखान्यांत हमखास दिसणारं यंत्र म्हणजे सेंट्रीफ्यूज. रिअ‍ॅक्टरमध्ये तयार झालेली स्लरी त्यात सोडायची आणि आतलं भोकाभोकांचं बास्केट फिरवायचं. द्रावक फिल्टर क्लॉथमधून बाहेर फेकला जातो, स्फटिकांचा ओला केक आत उरतो. मध्यम आकाराचं एक मशीन हिशोबाला घेऊ. बास्केटचा व्यास १२०० मिलिमीटर, वेग मिनिटाला १००० फेरे. अशा बास्केटची कड सेकंदाला जवळपास ६३ मीटर, म्हणजे ताशी २२६ किलोमीटर वेगाने धावते. कडेवर गुरुत्वाकर्षणाच्या ६७० पट जोर असतो, त्यामुळे तिथे चिकटलेला एक किलो केक भिंतीला ६७० किलोच्या वजनाने रेटत असतो.

स्लरी घाईने सोडली, केक सगळीकडे सारखा बसला नाही आणि एका बाजूला पाच किलो माल जास्त जमला, तर बेअरिंगवर साडेतीन टनांच्या आसपास ओढ येते. ही ओढ एका जागी थांबत नाही. सेकंदाला जवळपास १७ वेळा ती सगळ्या दिशांना फिरून येते. मशीन तीन पायांवर स्प्रिंगांनी टांगलेलं असतं, ते यासाठीच.

आता या फिरण्यात साठलेली ऊर्जा पाहू. कडेशी ५०० किलो वस्तुमान आहे असं धरलं, तर साधारण दहा लाख ज्यूल ऊर्जा होते. एक टन वजन शंभर मीटर उंच चढवायला जेवढी लागेल तेवढी. मोटर बंद केल्यावरही ती बास्केटमध्येच असते आणि ती काढून घेईपर्यंत बास्केट फिरत राहतं. प्रत्येक बॅचला ही दहा लाख ज्यूल भरायची आणि परत काढायची.

सांगली-कोल्हापूर-नगरच्या साखर कारखान्यांत काम केलेल्या माणसाला यात काही नवल वाटणार नाही. तिथली सेंट्रीफ्यूगल मशीनं एवढ्याच किंवा याहून जास्त वेगाने फिरतात, मळीपासून साखर वेगळी करतात, आणि हंगामभर रात्रंदिवस चालतात. पण तिथे बास्केटमध्ये असतं पाणी आणि मळी. औषधाच्या कारखान्यात त्याच बास्केटमध्ये टोल्युइन, मिथेनॉल, अ‍ॅसिटोन, हेक्झेन असतं. लोखंड तेच, वेग तोच, तरी दोन्ही यंत्रं दोन वेगळ्या जगांतली आहेत. त्यांच्यातला फरक बघायचा तर दहा लाख ज्यूल सोडून मिलिज्यूलच्या हिशोबात उतरावं लागतं.

टोल्युइनची वाफ हवेत योग्य प्रमाणात मिसळली, तर ती पेटवायला किमान ०.२४ मिलिज्यूल ऊर्जेची ठिणगी पुरते. एक रुपयाचं नाणं टेबलावरून एक सेंटिमीटर वर उचलायला याहून जास्त ऊर्जा लागते. हेक्झेनचा आकडा जवळपास एवढाच आहे. मिथेनॉलचा आणखी कमी, ०.१४. कार्बन डायसल्फाइडला तर ०.०१ मिलिज्यूलसुद्धा लागत नाही.

बास्केटचे दहा लाख ज्यूल आणि टोल्युइनचे ०.२४ मिलिज्यूल हे दोन आकडे शेजारी ठेवून भागाकार केला तर उत्तर येतं साधारण चारशे कोटी. फिरत्या बास्केटमध्ये जी ऊर्जा आहे तिचे चारशे कोटी भाग केले आणि त्यातला एकच भाग चुकीच्या जागी, चुकीच्या क्षणी ठिणगी होऊन निसटला, तर मशीन पेटतं. माझ्या मते या यंत्राच्या सुरक्षेबद्दल जे काही बोलायचं ते या भागाकारापासून सुरू व्हायला हवं. चारशे कोटींतला एक भागही निसटू देणार नाही, अशी हमी कोणता फिटर, कोणता मेंटेनन्स इंजिनिअर देऊ शकेल?

आणि हा एक भाग निसटायला वाटाही पुष्कळ आहेत.

पहिली वाट म्हणजे घर्षण. यंत्रांच्या सुरक्षेत सर्वसाधारण धारणा अशी की धातूवर धातू सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वेगाने घासला तर ज्वालाग्राही वाफ पेटण्याची भीती फारशी नसते. आपल्या बास्केटची कड त्याच्या साठ पट वेगाने धावते आहे. बास्केट डोलून केसिंगला लागलं, नांगराच्या फाळासारखं केक खरवडणारं पातं चुकीच्या वेळी आत आलं, एखादा सैल नट आत पडला, की पुरे. दुसरी वाट ब्रेक. जुन्या मशीनांत पट्ट्याचा किंवा शू-ब्रेक असतो. दहा लाख ज्यूल वीस किलोच्या ब्रेक ड्रममध्ये ओतले तर त्याचं तापमान एकाच थांबण्यात सुमारे १०० अंशांनी वाढतं. मुंबईच्या उकाड्यातले ३० अंश त्यात मिळवा. टोल्युइनची वाफ आपोआप पेट घ्यायला ४८० अंश लागतात, म्हणून तिथे हे चालून जाईल. हेक्झेनला सव्वादोनशेच्या आसपास लागतात. कार्बन डायसल्फाइडला ९० अंशच पुरतात, त्याच्यापुढे वाफेची साधी पाइपलाइनसुद्धा आग लावू शकते. त्यामुळे ब्रेकचं काम आता व्हीएफडीकडे, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या विजेच्या ड्राइव्हकडे, किंवा हायड्रॉलिक मोटरकडे दिलं जातं. वेग विजेने किंवा तेलाने उतरवला की घासायला काही उरत नाही.

तिसरी वाट स्थिर विजेची. तिचे आकडे मला सगळ्यांत विलक्षण वाटतात, म्हणून तिथे जरा रेंगाळतो.

द्रावक पाइपमधून वाहतो, कापडातून गाळला जातो, बास्केटच्या भोकांतून फवाऱ्यासारखा उडतो, आणि या प्रत्येक पायरीवर त्यात विद्युतभार वेगळा होतो. हा भार जमिनीत निघून गेला तर प्रश्न नाही, पण तो किती वेळात जातो हे त्या द्रावकावर अवलंबून असतं. मिथेनॉलमधला भार ६-७ मायक्रोसेकंदांत जवळपास एक तृतीयांशावर येतो. शुद्ध टोल्युइनला त्याच कामासाठी २१ सेकंद लागतात. म्हणजे तीस लाखांहून जास्त पट. डोळ्यांना दोन्ही द्रव सारखेच दिसतात: पाण्यासारखे पारदर्शक, पातळ, झोंबऱ्या वासाचे. ड्रमवरचं लेबल काढलं तर नुसतं बघून कोणता कोणता, हे सांगता येणार नाही. पण एकात भार टिकतच नाही, आणि दुसरा वीस-पंचवीस सेकंद तो अंगावर घेऊन फिरतो. त्या वीस-पंचवीस सेकंदांत आपल्या बास्केटचे साडेतीनशे-चारशे फेरे होऊन गेलेले असतात.

माणसाचं शरीरही भार साठवतं. त्याची धारिता साधारण १५० पिकोफॅरड धरतात. कोरड्या हवेत नायलॉनचे कपडे आणि रबरी तळव्याचे बूट घालून वावरणाऱ्या माणसावर दहा हजार व्होल्ट सहज चढतात, आणि त्याच्या बोटातून निघालेली ठिणगी साडेसात मिलिज्यूलची असते. टोल्युइन पेटवण्याएवढ्या ऊर्जेच्या तीस पट. ही ठिणगी त्याला चटका देते, कळते, तो हात मागे घेतो. पण त्याच्यावर दोनच हजार व्होल्ट असतील तर ठिणगी ०.३ मिलिज्यूलची असते. तेवढी सहसा जाणवतसुद्धा नाही, आणि टोल्युइनची वाफ पेटवायला मात्र पुरेशी असते. अंगाला न कळणारी ठिणगी स्फोट घडवू शकते, म्हणून ‘मला कधी करंट लागला नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा धरता येत नाही.

काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पाइपांमध्ये सुटा राहिलेला धातूचा एक फ्लँज घ्या. त्याची धारिता फक्त १० पिकोफॅरडच्या आसपास. दहा हजार व्होल्टवर तोही अर्धा मिलिज्यूल साठवतो, टोल्युइनच्या गरजेच्या दुप्पट. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या व्हॅली सेंटर इथे १७ जुलै २००७ रोजी बार्टन सॉल्व्हंट्स या कंपनीच्या टाक्या पेटल्या आणि जवळपास सहा हजार लोकांना घरं सोडावी लागली. तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाच्या तपासात संशय गेला तो नॅफ्थाच्या टाकीत पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या फ्लोटच्या सैल सांध्यावर. टाकीला अर्थिंग होतं, पंपाला होतं, पाइपला होतं. फ्लोटचा सांधा सैल, त्यामुळे तेवढा एक तुकडा सगळ्यांपासून सुटा पडला होता.

अर्थिंगबद्दल एक आकडा बहुतेकांना चकित करतो. स्थिर वीज जमिनीत जायला वाट अगदी सुलभ असावी लागत नाही. दहा लाख ओहमचा अडथळा असला तरी माणसाच्या अंगावरचा भार सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास उतरतो. धातूच्या सांध्यांसाठी १० ओहमची मर्यादा पाळतात, ती सांधा खरोखर धातूला धातू लागलेला आहे ना, हे तपासायला. म्हणजे अर्थिंग थोडं कमी दर्जाचं आहे, हा धोका मोठा नाही. धोका असतो ते मुळात लागलेलंच नसण्याचा. कारखान्यात फिरताना एखाद्या फ्लँजवरचा तांब्याचा जंपर जवळून बघा. पेंटरने पाइपबरोबर तोही रंगवलेला असतो. वॉशरखाली इपॉक्सीचा थर चकाकत असतो, नट घट्ट असतो, तांबं कुठेच तुटलेलं नसतं, आणि वीज जायला रस्ता मात्र नसतो. लांबून फोटो काढला तर ऑडिटमध्ये पास होईल असा हा जंपर. सेंट्रीफ्यूजमध्ये तर आणखी एक अडचण आहे. बास्केट फिरतं, त्याचा जमिनीशी संबंध बेअरिंगमधून, आणि तिथे ग्रीसचा थर मध्ये येतो. म्हणून फिरत्या शाफ्टवर कार्बन ब्रश टेकवून वेगळं अर्थिंग घ्यावं लागतं. तो ब्रश झिजतो आणि तो झिजलेला बाहेरून कुणाला दिसत नाही.

गंजू नये म्हणून बास्केटला आतून रबराचं किंवा फ्लोरोपॉलिमरचं अस्तर देतात, तेव्हा हिशोब पुन्हा बदलतो. धातूवर बसलेल्या पातळ, वीजरोधक थरावर भार साठत गेला की तो एकदम सुटतो आणि त्यात एक ज्यूल किंवा त्याहूनही जास्त ऊर्जा असू शकते. एक ज्यूल म्हणजे टोल्युइनच्या गरजेच्या चार हजार पटींहून जास्त. गंजापासून यंत्र वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय आगीला मदत करतो. हा पेच प्रत्येक डिझाइनरला सोडवावा लागतो, आणि बऱ्याचदा उत्तर येतं महाग मिश्रधातूचं बास्केट.

पावसाळ्यात हवा दमट असते, स्थिर वीज टिकत नाही, असा एक दिलासा कोकणात ऐकू येतो. बास्केटच्या आत तो लागू नाही. आत भरलेला नायट्रोजन कोरडा असतो, त्यातलं पाणी उणे चाळीस अंशांच्या आसपास गेल्याशिवाय दव धरत नाही. बाहेर लोट्याला मुसळधार पाऊस असू दे, बास्केटमध्ये वाळवंटाहून कोरडी हवा आहे.

आता वाफेकडे येऊ. आपल्या मशीनच्या केसिंगचं आकारमान २००० लिटर धरू. टोल्युइन हवेत १.२ टक्के झालं की मिश्रण स्फोटक होतं. २००० लिटरमध्ये तेवढी वाफ व्हायला किती टोल्युइन लागेल? साधारण १०० मिलिलिटर. बास्केटमधल्या २०० किलो ओल्या केकमध्ये एक पंचमांश द्रावक धरला तर ४० किलो होतो, म्हणजे शंभर मिलिलिटरच्या साडेचारशेहून जास्त पट. वाफेसाठी माल कमी पडणार ही चिंताच नाही. त्या शंभर मिलिलिटर टोल्युइनच्या ज्वलनात जवळपास ३५ लाख ज्यूल ऊर्जा असते. जो वेग बघून पोटात गोळा येतो, त्या फिरत्या बास्केटपेक्षा ती साडेतीन पट आहे.

टोल्युइनचं आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते आपल्या हवेशी चमत्कारिक जुळतं. बंद भांड्यात टोल्युइन ठेवलं तर वर हवेत किती वाफ जमते हे तापमानावर ठरतं. ४ अंशांच्या खाली ती इतकी कमी की पेटत नाही. ३८ अंशांच्या आसपास ती ७ टक्क्यांच्या वर जाते आणि हवा अपुरी पडल्याने पुन्हा पेटत नाही. या दोन्हींच्या मध्ये, म्हणजे ४ ते ३८ अंश, बंद भांड्यातली हवा नेमकी स्फोटक असते. २५ अंशांना ती पावणेचार टक्के असते, म्हणजे पट्ट्याच्या मधोमध. कोकणातलं जवळपास सगळं वर्ष या दोन आकड्यांच्या आत बसतं. अ‍ॅसिटोन आणि हेक्झेनचं वेगळं आहे. त्यांची वाफ २५ अंशांना इतकी दाट की बंद भांड्यात ती पेटायच्या मर्यादेपलीकडे जाते. म्हणून झाकण बंद असेपर्यंत ती शांत राहते आणि झाकण उघडून हवा आत शिरली की काही क्षणांसाठी पेटण्याच्या पट्ट्यातून जाते. टोल्युइन आणि मिथेनॉल यांना तेवढीसुद्धा वाट पाहावी लागत नाही.

मिश्रण पेटलं तर काय होतं? ज्वाला सुरुवातीला सेकंदाला तीन मीटरच्या आसपास सरकते, म्हणजे केसिंगच्या मध्यापासून कडेला पोचायला पाव सेकंद. फिरत्या बास्केटने हवा घुसळलेली असते, त्यामुळे प्रत्यक्षात हा वेळ काही दशक मिलिसेकंदांत मोजावा लागतो, असं समजा. आणीबाणीच्या बटणाकडे हात न्यायला माणसाला तेवढा वेळसुद्धा मिळत नाही. बंदिस्त स्फोटात दाब वातावरणाच्या जवळपास आठ पट होऊ शकतो. दीड मीटर व्यासाच्या झाकणावर हा जादाचा सात बारचा दाब म्हणजे साधारण १२५ टनांचा रेटा. झाकणाचे बोल्ट त्यासाठी घडवलेले नसतात.

स्फोट दाबण्याची यंत्रणा असते खरी. सेंसरने दाबातली सुरुवातीची बारीकशी वाढ टिपायची आणि काही दशक मिलिसेकंदांत विझवणारी पूड आत फेकायची. तिचं इंजिनिअरिंग अफाट आहे, पण सेंट्रीफ्यूजमध्ये तिला सगळ्यांत पुढे उभं करणं मला पटत नाही. ठिणग्या मोजता येत नाहीत. वाफ काढून टाकता येत नाही, कारण द्रावक हाच मालाचा भाग आहे. उरतो तिसरा घटक, ऑक्सिजन. तो मोजता येतो आणि काढताही येतो. म्हणून मला वाटतं सगळा भार त्याच्यावर टाकावा, अर्थिंग ही मागची फळी समजावी.

हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. नायट्रोजन मिसळून तो ९.५ टक्क्यांच्या खाली आणला की टोल्युइनची वाफ कोणत्याही ठिणगीने पेटत नाही. मिथेनॉलला ही मर्यादा १० टक्के, हेक्झेनला १२, हायड्रोजनला मात्र ५. अमेरिकेच्या एनएफपीए ६९ या मानकाचा हिशोब असा की ऑक्सिजन सतत मोजला जात असेल तर मर्यादेच्या किमान दोन टक्के खाली राहा, म्हणजे टोल्युइनला ७.५. सतत मोजत नसाल तर मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ नका, म्हणजे ५.७.

हे करायला नायट्रोजन किती आणि किती वेळ? २००० लिटरच्या केसिंगला मिनिटाला १०० लिटर नायट्रोजन दिला आणि आतली हवा पूर्ण मिसळते असं धरलं, तर ७.५ टक्क्यांवर यायला साधारण २१ मिनिटं लागतात. ५.७ टक्क्यांना २६. उत्पादनाची घाई असलेल्या पाळीत ऑपरेटर नायट्रोजनचा प्रवाह दाखवणारा रोटामीटर चालू करून पाच मिनिटं थांबतो आणि स्लरी सोडतो. त्या क्षणी आत ऑक्सिजन १६ टक्के असतो. रोटामीटर दाखवतो आहे, नायट्रोजन चालू आहे, रजिस्टरमध्ये तशी सही आहे. पाच मिनिटांत ५.७ टक्क्यांवर यायचं तर मिनिटाला १०० नाही, पाचशे लिटरांच्या वर लागतात. मशीन बसवताना नायट्रोजनची पाइपलाइन अर्ध्या इंचाची टाकली असेल, तर तो प्रवाह तिच्यातून येतो का हे कुणी पाहिलेलंच नसतं.

त्यात हे यंत्र पंख्यासारखं वागतं. बास्केट फिरू लागलं की मधोमध दाब कमी होतो आणि कडेला वाढतो. मोटरच्या बाजूची एखादी कव्हर प्लेट काढून ठेवली असेल, शाफ्टच्या सीलमध्ये फट असेल, मदर लिकरच्या, म्हणजे गाळून निघालेल्या द्रावकाच्या, ड्रेनला सील नसेल, तर तिथून हवा खेचली जाते. थांबलेल्या मशीनमध्ये नायट्रोजन नीट भरला असला तरी फिरू लागल्यावर ऑक्सिजन परत वाढू शकतो. म्हणून मोजमाप मशीन फिरत असतानाच व्हायला हवं. वाढला तर स्लरीचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायला हवा.

एका पाळीला चार बॅचेस, तीन पाळ्या, वर्षाचे ३०० दिवस धरले तर झाकण वर्षाला ३६०० वेळा उघडतं. प्रत्येक वेळी बास्केटमध्ये पूर्ण हवा भरते, आणि प्रत्येक वेळी ती पुन्हा काढावी लागते. समजा दहा हजार उघडण्यांपैकी एकदाच हवा, वाफ आणि ठिणगी एका ठिकाणी येतात. दहा हजारांत एक म्हणजे जवळपास नगण्य असं वाटतं. पण ३६०० च्या चालीने दहा हजार पावणेतीन वर्षांत भरतात. शेडमध्ये अशी चार मशीनं असतील तर आठ-साडेआठ महिन्यांत. ‘इतकी वर्षं असंच चाललंय’ हे वाक्य बायपास केलेल्या इंटरलॉकच्या, म्हणजे आपोआप अडवणाऱ्या यंत्रणेच्या, बाजूने जेव्हा कुणी वापरतं, तेव्हा त्याच्याच मशीनचे आकडे त्याच्या विरोधात उभे असतात.

आता नायट्रोजनची दुसरी बाजू, आणि ही मनापासून सांगायची आहे. आग ९.५ टक्क्यांखाली थांबते, पण माणसाला १९.५ टक्क्यांखाली धोका सुरू होतो. ६-८ टक्क्यांच्या हवेत थोड्याच वेळात शुद्ध जाते, आणि आधी काही गुदमरल्यासारखं वाटतही नाही, कारण शरीराला कार्बन डायऑक्साइडची वाढ कळते, ऑक्सिजनची कमतरता तितकी कळत नाही. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने १९९२ ते २००२ या काळातल्या नायट्रोजनने गुदमरण्याच्या ८५ घटना तपासल्या, त्यात ८० माणसं गेली होती. वरून माल काढायच्या सेंट्रीफ्यूजमध्ये ऑपरेटर झाकण उघडून कमरेत वाकतो आणि प्लास्टिकच्या स्कूपने तळाचा केक खरवडतो. डोकं बास्केटमध्ये, पाय बाहेर. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद झालेला नसेल तर तळाशी त्याची चादर पसरलेली असते. म्हणजे स्फोटापासून वाचवण्यासाठी जो वायू भरला, तोच माणसाला मारू शकतो. झाकण उघडायच्या आधी नायट्रोजन बंद करून हवा खेळवायची, तळाशी ऑक्सिजन मोजायचा, आणि मगच वाकायचं. हा क्रम घाईत मोडू नये यासाठी कागदावरची सूचना पुरेशी नाही, झाकणाच्या कुलपालाच ते माहीत असायला हवं.

विझवण्याबद्दल थोडं. आत आग लागली असेल तर झाकण उघडायचं नाही, मोटर बंद करायची, नायट्रोजन वाढवायचा आणि बाहेरून केसिंगवर पाण्याची फवारणी करायची. टोल्युइन पाण्यावर तरंगतं, जमिनीवर पाणी ओतलं तर आग पाण्यासोबत गटारात सरकते. मिथेनॉल पाण्यात मिसळतं आणि साधा फोम विरघळवून टाकतं, त्यासाठी अल्कोहोल-रोधक फोम लागतो. शिवाय मिथेनॉलची ज्वाला दिवसा जवळपास दिसत नाही. माणूस आगीत पाय टाकेपर्यंत आग आहे हे कळत नाही. आणि कार्बन डायऑक्साइडबद्दल एक इशारा. १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीत बिटबुर्ग इथे जेट इंधनाच्या भूमिगत टाकीवर बसवलेल्या विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी चालली होती. टाकीत कार्बन डायऑक्साइड सोडला. त्यात तयार होणाऱ्या बर्फाच्या कणांनी विद्युतभार आणला, वाफ पेटली आणि अनेक माणसं गेली. ती टाकी तोपर्यंत पेटलेलीही नव्हती. विझवण्याच्या वायूनेच तिला आग लावली. म्हणून स्फोटक वाफ असलेल्या भांड्यात प्रतिबंध म्हणून कार्बन डायऑक्साइड झपाट्याने सोडणं, ही आजही ठाम नको म्हणावी अशी गोष्ट आहे.

१९७४ मध्ये इंग्लंडच्या फ्लिक्सबरोत सायक्लोहेक्झेनच्या स्फोटात २८ जण गेले, त्यानंतर आयसीआय कंपनीचे सुरक्षा सल्लागार ट्रेव्हर क्लेट्झ यांनी उद्योगाला एक साधा विचार सांगितला. धोकादायक पदार्थ सांभाळायला यंत्रणा जोडत बसण्याआधी तो मुळात किती कमी ठेवता येईल ते बघा. सेंट्रीफ्यूजच्या बाबतीत याचा अर्थ होतो झाकण उघडणं कमी करणं. एएनएफडी नावाची बंद भांडी, ज्यांत गाळणं आणि वाळवणं एकाच जागी होतं, ती आपल्याकडच्या नव्या शेडमध्ये दिसू लागली आहेत. तिथे वर्षातल्या ३६०० उघडण्यांचं काम नळीतून होतं, बास्केटही नाही, दहा लाख ज्यूलही नाहीत. पण किंमत मोठी, आणि जुनी सेंट्रीफ्यूजं अजून वर्षानुवर्षं चालणार आहेत.

त्या मशीनांवर ऑक्सिजन मीटर बसवलेला असतो, आणि त्याचं दुखणं एकच आहे. सॅम्पल लाइन द्रावकाच्या थेंबांनी आणि बारीक स्फटिकांनी तुंबते, मीटर जुना वायू मोजत राहतो आणि पडद्यावर ४ टक्के दाखवत राहतो. धोका सुरू झाल्यावरही आकडा सुरक्षित दिसतो. हे पकडायला महागडं उपकरण लागत नाही. झाकण वर्षाला ३६०० वेळा उघडतंच. उघडल्यावर, नायट्रोजन बंद असताना, तो आकडा चढत जाऊन २०.९ च्या जवळ पोचतो की नाही एवढं ऑपरेटरने पाहायचं आणि बॅच शीटवर लिहायचं. नाही पोचला, तर पुढची स्लरी सोडण्याआधी इन्स्ट्रुमेंटवाल्याला हाक मारायची.